सव्वा मूठ

दिपमालानं सत्तेचाळीस सांगितले आणि मोहिनीनं पाटीवर चौऱ्याहत्तर लिहिले.

"नीट ऐक. सत्ते-चाळीस."

मोहिनीनं फडक्यानं पाटी पुसली आणि पुन्हा तोच आकडा काढला. आधी सात, मग चार. पोरीची तरी काय चूक म्हणा. कानावर सात आधी पडले, तिनं सात आधी लिहिले. जळगावच्या इंग्रजी शाळेत फॉर्टी-सेव्हन म्हणत, तेव्हा चार आधी ऐकू यायचे आणि चार आधी लिहायचे. इथं सगळा उलटा कारभार होता. दिपमालानं कपाळाला हात लावला, पण पोरीला दिसू नये म्हणून गॅसकडं तोंड करून लावला.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मोहिनीचे वडील, हितेंद्र, भर दुपारी कुणाच्या तरी शेतात ठिबकच्या नळ्या बसवायला गेले होते. घरी आले ते अंग तापवूनच, आणि दिवे लागायच्या आत खेळ आटोपला. वर्षभर दिपमालानं जळगावची खोली कशीबशी धरून ठेवली. वर्षश्राद्ध झालं आणि जूनमध्ये ती पोरीला घेऊन रावेरजवळच्या सासरच्या गावी आली. मोहिनीचं नाव गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं, चौथीत.

शाळेतले पितांबर सर भला माणूस. ते पोरीला मठ्ठ म्हणाले नाहीत. म्हणाले, वहिनी, ती प्रत्येक गोष्ट आधी मनात इंग्रजीत नेते, मग मराठीत परत आणते, आणि तोवर वर्ग पुढं निघून गेलेला असतो. पहिल्या आठवड्यात तिनं धडा वाचताना 'ऋषी'पाशी गाडी अडकवली, सगळा वर्ग हसला, तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूपच घातलं. हजेरीला नाव पुकारलं तरी ओ देत नाही, शेजारची मुलगी तिचा हात धरून वर करते.

हे सगळं कसं कोण जाणे धुळ्याला पोचलं. दिपमालाचा भाऊ रुपचंद याचा फोन आला. त्याच्या घरासमोरच इंग्रजी शाळा होती. राखीला येतो, म्हणाला. तोवर पोरीची गाडी रुळावर आली तर उत्तम, नाहीतर मी तिला घेऊन जातो, तिचं वर्ष कशाला वाया घालवायचं, तू हट्ट करू नकोस. त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच दिपमालाला त्याला नाही म्हणता येईना. नवरा गेला, आता पोरगीही गेली तर या घरात ती कोण म्हणून राहणार होती? सकाळी सासूच्या हाताखाली राबायचं आणि संध्याकाळी कुणाची वाट पाहायची? त्या दिवसापासून ती पाटी घेऊन पोरीच्या मागंच लागली. रोज संध्याकाळी दोघी रडवेल्या होऊन उठायच्या.

ओसरीतल्या खाटेवरून बन्सीलाल आबा हे सगळं ऐकत असत. दिपमालाचे सासरे. गडी सत्तरीचा, पण केळीच्या बागेत तरण्याला मागं टाकील असा. मुलगा गेल्यापासून मात्र माणूस कमी बोलायला लागला होता. त्या चौऱ्याहत्तरच्या दिवशी ते उठून दारात आले.

"पाढा डोक्यानं येत नाही वं बाई, पायानं येतो," ते म्हणाले. "उद्या सकाळी तिले माह्यासंगं वावरात धाड. हित्यालेबी चौथीपर्यंत काहीच येत नव्हतं."

आबांची शिकवायची रीत अशी. बाग घडावर आलेली. डोक्यावर पानांचं छप्पर, आत सकाळीसुद्धा हिरवा अंधार. पोरीला अनवाणी एका ओळीच्या तोंडाशी उभं करायचं. प्रत्येक खोडाला हात लावत चालायचं आणि हात लावला की पाढ्यातला पुढचा आकडा मोठ्यानं म्हणायचा. चुकलं तर परत पहिल्या खोडापाशी. लिहायचं ते बाभळीच्या काट्यानं, खोडाच्या ओल्या सालीवर. त्यात एक गंमत असते. काट्यानं रेघ ओढताना काही म्हणजे काही दिसत नाही. ओळीच्या टोकाला जाऊन परत यावं, तोवर अक्षर काळं पडून आपोआप वर आलेलं असतं. आपण काय लिहिलं ते आपल्यालाच मागाहून कळतं. हितेंद्रला त्यांनी असंच शिकवलं होतं, याच वावरात.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी आबांनी नातीला हाक मारताना "हित्या" म्हटलं. चपला घालता घालता, सहज तोंडातून गेलं. सासू मंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. दिपमाला हातातलं काम तसंच धरून उभी राहिली. चूक आबांच्याही लक्षात आली असावी, कारण ते खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत राहिले. आणि ज्या पोरीला दहादा हाक मारावी तेव्हा एकदा वळून बघायची, ती मोरीतून चटकन "ओ" म्हणाली आणि पळत आली. मग तीच हाक रुळली. मंदाबाई म्हणाल्या, जाऊ दे, म्हाताऱ्याले तेवढंच बरं वाटतं.

पोरगी सुधारली ती अशी, की बघणाऱ्यानं बघत राहावं. महिना उलटायच्या आत तीसपर्यंत पाढे पाठ झाले. मग पावकी, निमकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा आणि सव्वाचे पाढे, जे आता शाळेत कुणी शिकवतही नाही. वाचताना अडखळणं गेलं. अक्षर वळणदार झालं. दिपमाला भरून पावली होती. खोटं कशाला बोला, हाक कुठल्या नावानं मारली जाते याकडं तिनं तेव्हा काणाडोळाच केला.

एक दिवस पितांबर सर शाळा सुटल्यावर घरी आले. कौतुक करायलाच आले होते. तुमची मोहिनी आता मागच्या बाकावरच्या पोरांना गणितं समजावते, म्हणाले. मग चहाचा कप खाली ठेवून हसत हसत सांगायला लागले. काल फळ्यावर माझी वजाबाकी चुकली, तर ही मागून म्हणते, 'पित्या, हातचा विसरला.'

"मी आणि हितेंद्र एका वर्गात होतो, वहिनी. पित्या म्हणणारा तो एकटाच होता."

एवढं बोलून त्यांचं हसणं थांबलं. आबांनी सांगितलं असेल कधी, ते म्हणाले. दिपमाला म्हणाली, हो, आबांनीच सांगितलं असणार. कपात चहा तसाच होता, पण सर उठले. जाताना त्यांनी मोहिनीच्या डोक्यावर हात ठेवला नाही, एरवी ते ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमाला स्वतः बागेत गेली. शाळेची वेळ झाली, पोरीला घेऊन यायचं, एवढंच निमित्त. बांधावरून आत शिरली आणि पाचसहा पावलांत बाहेरचा उजेड मागं राहिला. ठिबकचं पाणी सुटलं होतं. कुठून तरी पाढ्याचा आवाज येत होता. आबा विचारत होते आणि उत्तर येत होतं, ते घाईघाईचं पोरीचं उत्तर नव्हतं. सावकाश, दर आकड्याच्या शेवटी जरा ओढून म्हटलेलं. हितेंद्र मापं सांगताना असंच ओढायचे. सासऱ्यांकडून आलेली लकब असेल, तिनं मनाशी म्हटलं. आबांकडून पोराला आणि आबांकडूनच नातीला.

खोडांवर काळी अक्षरं वर आली होती. पुढच्या ओळींवर नुसते आकडे होते. जसजशी ती आत गेली तसतशी वाक्यं लागली. 'आज पाणी उशिरा सोडलं.' 'नळी तुंबली होती, साफ केली.' 'आबांना सांगायचं नाही.' एकेक वाक्य एकेका खोडावर. मोहिनीला नळी कशी साफ करतात ते माहीत नव्हतं. शाई नसलेल्या त्या अक्षरांवर दिपमालानं बोट फिरवलं तर चीक हाताला लागला, म्हणजे ती नुकतीच लिहिलेली होती.

"मोहिनी," तिनं हाक मारली.

पाढा चालूच राहिला.

"मोहिनी, शाळेला उशीर होतोय."

पाढा पुढं, दोन ओळी पलीकडं. मग आबांचा आवाज आला, "हित्या, कोन बोलावतं बघ रे."

"ओ," आवाज दिपमालाच्या अगदी पाठीशी आला.

ती दचकून वळली. मोहिनी होती. दोन वेण्या, शाळेचा निळा फ्रॉक, पायाला चिखल. हात पाठीमागं बांधून उभी होती आणि आईकडं अशी बघत होती, की ही बाई इथं बागेत कशाला आली. दिपमालानं तिला दंडाला धरलं आणि ओढतच बांधावर आणलं. उजेडात आल्यावर पोर रडायला लागली, हात दुखतोय म्हणाली, तेव्हा कुठं दिपमालाच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी ती सासऱ्यांशी बोलली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मान वर करून बोलली. आबा, तिला तिच्या नावानं हाक मारा. आबांनी ऐकून घेतलं. ते हातातला काटा उलटासुलटा करत होते.

"म्या का हौसेनं म्हनतो?" ते म्हणाले. "त्या नावानं म्हटलं तर तिले येतं. मोहिनी म्हटलं तर नाही येत. तू करून पाय."

दिपमालानं करून पाहिलं. पोरीला वावरात धाडणं बंद केलं आणि पाटी पुन्हा हातात घेतली. सत्तावीस सांगितले, मोहिनीनं बहात्तर लिहिले. धडा पुढं ठेवला, पोर पहिल्या ओळीवर अडकली आणि ओठ मिटून बसली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात सगळं होतं तिथं येऊन पडलं. पितांबर सरांनी निरोप धाडला, की पोरीची तब्येत बरी नाही का. आणि रुपचंदचा फोन आला. राखीच्या दिवसाची रजा पक्की झाली होती, मामीनं पोरीसाठी कपाट रिकामं करून ठेवलं होतं.

सकाळी दिपमालानं पोरीच्या दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. जा, आबा वाट पाहताहेत, म्हणाली. मोहिनी भिंतीकडं बघत बसून राहिली. मोहिनी, तिनं म्हटलं, मोहू, सोन्या, जा गं. पोर जागची हलेना. दुसरं नाव दिपमालाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. ते तिनं उखाण्याबाहेर आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, आणि आता तर कुणी घ्यायलाही सांगत नव्हतं.

ती ओसरीत गेली. "आबा," ती म्हणाली, "तुम्हीच बोलवा तिला."

आबांनी हाक मारली. पोरगी उठून गेली.

श्रावण लागला. नागपंचमी झाली, की त्यानंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. गेल्या वर्षी घरात दुःख होतं म्हणून कानबाई बसली नव्हती. यंदा बसवायची होती. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू दळायला जाण्याआधी मुठी घालायच्या असतात. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू, आणि घरातल्या वडील माणसानं एकेकाचं नाव घेत ते टोपलीत सोडायचे. मूठ जिवंत माणसाचीच. त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत आणि पुनवेच्या आत संपवायचे.

मंदाबाईंनी ओसरी सारवली, नव्या टोपलीला हळदकुंकू लावलं. शेजारच्या घरातून दिपमालाचे मोठे दीर, झुलालभाऊ, आपल्या मुलाला घेऊन आले. आबा पाटावर बसले. स्वतःच्या नावानं त्यांनी मूठ सोडली आणि वर पाव मूठ. मग झुलालच्या नावानं, मग झुलालच्या मुलाच्या. गहू टोपलीत पडल्याचा आवाज तेवढा येत होता. झुलालभाऊ उठायला लागले, कारण संपलंच होतं.

आबांनी परत पोत्यात हात घातला.

"हितेंद्र," ते म्हणाले आणि मूठ सोडली.

झुलालभाऊंनी वडिलांचं मनगट धरलं. आबा, हे काय केलं, म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. भावाच्या नावाची मूठ बघून त्यांना रडू आलं की भीती वाटली, ते त्यांचं त्यांनाच माहीत. आबा आपल्या धरलेल्या हाताकडं बघत राहिले. चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्यांना आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. घरातले पुरुष मोजले, तर तेवढेच भरले होते. झुलालभाऊ म्हणाले, ते गहू काढा. मंदाबाई म्हणाल्या, कसे काढतो? पडलेली मूठ काढत नाहीत, आन कोनते दाने कोनाचे ते तू सांग. टोपलीत सगळे गहू एक झाले होते.

दिपमाला दारात उभी होती. तिच्याजवळून मोहिनी पुढं गेली आणि टोपलीपाशी जाऊन बसली, मांडी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून.

"आबा," ती शांतपणे म्हणाली, "पाव राहिली."

झुलालभाऊंच्या हातातून म्हाताऱ्याचं मनगट सुटलं. आबांनी पोत्यात हात घातला आणि पाव मूठ गहू मोजून टोपलीत सोडले.

रविवारी कानबाई बसली. गंगाफळाची भाजी, खीर, वडे, रोट. पुरुषांची पंगत आधी बसली, तेव्हा आबांच्या शेजारी पाट मांडलेला होता आणि मोहिनी त्यावर बसली. तिला ऊठ म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. मंदाबाई वाढता वाढता दिपमालाला हळू आवाजात म्हणाल्या, नावाचा रोट कोनाले तरी खावाच लागतो. पोरीनं भरपूर खाल्लं. खाऊन झाल्यावर बोटं चाटली नाहीत, पूर्वी हमखास चाटायची. सोमवारी बायका नाचत गात कानबाई नदीवर घेऊन गेल्या, तेव्हा दिपमाला मागं मागं चालत होती आणि तिचं ठरलं होतं. पोरगी धुळ्याला जाईल. तिथं तिला चौथी येवो न येवो. नापास होऊ दे, पण मोहिनी म्हणून होऊ दे.

राखीच्या दिवशी रुपचंद दुपारी पोचला. स्वतःची गाडी घेऊन आला होता. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि त्यानं भाचीला समोर बसवलं. वर्तमानपत्र दिलं. मोहिनीनं अग्रलेख वाचला, जोडाक्षरं एकही न चुकता, जरा सावकाश, वाक्याच्या शेवटी ओढून. त्र्याऐंशीतून पंचवीस गेले? अठ्ठावन्न. सव्वा आठे? दहा. रुपचंद स्वतः बँकेत होता, पण त्याला ते पटकन आलं नव्हतं. तो हसायलाच लागला. बहिणीला म्हणाला, अगं, हिला कशाला नेऊ? ही तर धुळ्यातल्या पोरांना शिकवेल. राहू दे इथंच. तू जिंकलीस.

दोन महिने दिपमालानं याच वाक्यासाठी जीव टाकला होता.

"नको, दादा," ती म्हणाली. "घेऊन जा तिला. तिची बॅग भरून ठेवली आहे."

रुपचंद चक्रावला. तूच ना फोनवर रडत होतीस, म्हणाला. आता पोरगी रुळावर आली तर ने म्हणतेस, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तिला सांगता येईना. सांगणार तरी काय? पोरगी हुशार झाली म्हणून ने? खाटेवर आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते, पण त्यांचा पाय हलत होता, म्हणजे जागे होते.

"मला माझी पोरगी हवी आहे, दादा," ती म्हणाली. "ती तिकडं राहिली तर मला राहील."

रुपचंदला कळलं काहीच नाही, पण बहिणीच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं वाद घातला नाही. बरं, म्हणाला, आत्ता निघालो तर काळोख पडायच्या आत धुळं गाठता येईल. तो बॅग उचलून गाडीकडं गेला. मंदाबाई पोरीला वाटेत खायला काही बांधायचं म्हणून शेजारी गेल्या. दिपमाला स्वयंपाकघरात आली. पोरीची पाण्याची बाटली भरायची राहिली होती. माठावरचं झाकण काढून तिनं ओगराळं आत घातलं.

मागं दाराशी कुणी तरी येऊन उभं राहिलं. पावलं तिनं ओळखली नाहीत, किंवा ओळखली.

"दीपू," मागून आवाज आला, "चहा टाक ना."

ओगराळं माठात तसंच राहिलं.

दीपू तिला जगात एकच माणूस म्हणत असे. चारचौघांत नाही, आईवडिलांसमोर नाही, पोरीसमोर तर कधीच नाही. चारचौघांत ती 'मोहिनीची आई' होती. दीपू म्हणायचे ते पोर झोपल्यावर, आणि तेही हळू. एका खोलीचं घर, पोर अर्धवट जागी असेल, ऐकलं असेल तिनं. ऐकलंच असणार, दुसरं काय. दिपमालानं स्वतःला हे नीट समजावलं आणि ते तिला पटलंही. तरी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते दुःखाचं नव्हतं. वर्षभर या हाकेसाठी तिचे कान किती आसुसले होते, ते तिला आत्ता कळलं. तिनं माठाचा काठ धरला.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. रुपचंदनं आवाज दिला, की पाठव तिला, निघू.

"तू जा, दादा," दिपमाला आतूनच म्हणाली. "राहू दे. बॅग ओसरीत ठेव."

तो काय म्हणाला ते तिनं ऐकलं नाही. ती मागं वळली नाही. वळली असती तर दोन वेण्या आणि निळ्या फ्रॉकमधली पोर दिसली असती, आणि ते तिला आत्ता नको होतं. तिनं बाटली बाजूला ठेवली, पातेल्यात पाणी घेतलं आणि गॅस पेटवला. पदरानं डोळे पुसून फळीवरून दोन कप काढले.

"बसा," ती म्हणाली, "झालाच."